क्लॅरीकाकांच्या भिंतीवरचे खिळे

डल्सी ब्रॅमिचशी वाद घालण्यापेक्षा जंगलात जाणं सोपं, म्हणून तीस वर्षं दर मार्चमध्ये मी तिच्याबरोबर गेले. मैत्रीण म्हणूनही गेले असेन, पण तिच्या त्या खटारा जीपला धक्का मारायला कोणीतरी लागायचंच.

तिला वाघ शोधायचा होता. आमच्या टास्मानियाचा वाघ म्हणजे कुत्र्याएवढा, पाठीवर पट्टे, पोटाला पिशवी. शेवटचा होबार्ट शहरातल्या प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यात छत्तीस साली मेला म्हणतात. डल्सीचे वडील, क्लॅरीकाका, सांगायचे की एकोणपन्नास साली जंगलातल्या आपल्या खोपटामागच्या ओढ्यावर त्यांनी एक पाहिला. त्याने त्यांच्याकडे बघून भलामोठा जबडा वासला आणि चालता झाला. पबमध्ये लोकांनी मरेपर्यंत त्यांची टर उडवली. शाळेत डल्सीला पोरं "थापाड्याची पोर" म्हणायची. ते तिच्या मनातून कधी गेलंच नाही. वाघ दाखवीन आणि या मेल्यांची तोंडं बंद करीन, हा एकच ध्यास.

"अगं, साठी उलटली तुझी," मी म्हणायची. "वाघ असलाच तर तोही आता काठी टेकत असेल."

"तू चहा ओत, पर्ल. अक्कल नको पाजळूस."

यंदा गेलो तर वादळाने खोपटाशेजारच्या शेडची पार दैना केलेली. क्लॅरीकाका फासे लावून वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, धरायचे आणि कातडी त्या शेडच्या भिंतीवर खिळ्यांनी ताणून वाळवायचे. एका कोपऱ्यात त्यांनी भिंतीवर फळ्यांचा दुसरा थर ठोकला होता. वारा अडवायला असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या फळ्या आता खाली पडल्या होत्या.

मागे कातडं ताणल्याचे खिळे तसेच होते. वॉलबीपेक्षा लांब कातडं. आणि खाली सरळ रांगेत शेपटीचे खिळे, चांगले हातभर. वॉलबीची शेपटी आम्ही आधीच कापून टाकतो, ती कोणी ताणत नाही. एका खिळ्याखाली बोटभर कातडं अडकून राहिलं होतं. भुरं, त्यावर एक काळा पट्टा.

डल्सी तिथेच ओंडक्यावर बसली.

"वाघ फाशात चुकून अडकला असेल गं," मी म्हटलं.

"एकोणपन्नासनंतर बाबांनी फासेच लावले नाहीत. आई विचारायची, तर म्हणायचे, गुडघे दुखतात." आणि ती रडायला लागली. तीस वर्षांत तिला रडताना पाहिलं नव्हतं.

मी तिच्याशेजारी टेकले आणि म्हटलं, "पण वाघ होता ना! दाखव की सगळ्यांना. थापाडे नव्हते ते."

"मग काय होते? शेवटचा वाघ मारणारे?"

तिने जीपमधून पक्कड आणली आणि एकेक खिळा उपटून काढला. कातडं चहासाठी पेटवलेल्या जाळात टाकलं. केस जळाल्याचा वास आला. चहा झाला, आम्ही प्यायलो.

परतताना पबमध्ये थांबलो. टर उडवण्यात सगळ्यांच्या पुढे असणारा नेव्हिल नेहमीच्या खुर्चीत होताच.

"काय डल्सी, भेटलं का बाबांचं कुत्रं?"

एरवी तिने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. या वेळी तिने ग्लास खाली ठेवला.

"नाही रे नेव्हिल. बाबांनी काही पाहिलंच नव्हतं. थापा मारायचे ते."

नेव्हिलने डोक्यावरची टोपी काढली आणि ती नुसतीच हातात धरून बसला.