सर्वात मोठं गिऱ्हाईक
भरितासाठी वांगी भाजल्याचा वास आला की मला आमच्या ट्रान्सपोर्टसाठी खास बनवून घेतलेलं सॉफ्टवेअर आठवतं. कापडाच्या टेम्पोंपासून आमच्या शेठच्या मोटारीपर्यंत सगळ्या गाड्या कुठे किती वेळ थांबतात, हे पाहून ते गिऱ्हाइकांचा क्रम आपोआप लावायचं; थांबा जितका लांब, तितकं गिऱ्हाईक मोठं. पहिल्याच आठवड्यात हायवेवर कडोदरा गावाजवळचं एक बिननावाचं ठिकाण सगळ्यांच्या वर आलं. शेठ खूश झाले. "इतनी बडी पार्टी, और हम मिले ही नहीं?" म्हणत त्यांनी मिठाईचा डबा घेतला आणि मला मोटारीत बसवलं. नकाशाने आम्हाला एका पत्र्याच्या शेडपाशी नेलं. आत एक खानदेशी मावशी भरीत-भाकरी वाढत होती आणि आमचे सगळे ड्रायव्हर मांडी घालून जेवत होते. शेठना पाहताच त्यांचे घास हातातच राहिले. आता हा थांबा बंद होणार, हे प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मावशी मात्र म्हणाली, "बठा ना शेठ, भाकर गरम शे!" शेठ बसले, दोन भाकरी खाल्ल्या आणि मिठाईचा डबा तिच्याच हातात दिला. "पार्टी तो सचमुच बडी है," एवढंच बोलले. चुकीची नोंद मला सहन होत नाही, म्हणून परवा ती पुसायला बसलो, पण तशीच ठेवली. तिथे रोज थांबणाऱ्या गाड्यांत आता शेठची मोटारही दिसते.