डोंगराला जाळी, महादेवाला टँकर

साइट सुटते, पगार संपतो, किस्से मात्र आपल्याबरोबर घरी येतात! माझी सगळी नोकरी डोंगरांना जाळ्या बांधण्यात गेली. पण चार मित्र जमले की घाटातल्या मोठाल्या कामांबद्दल कुणी विचारत नाही. सगळ्यांना एकच हवं असतं. "ते अंबाजोगाईकडचं सांग!"

तिथलं काम असं होतं. कातळात कोरलेलं जुनं लेणं, आत महादेवाची पिंड, आणि लेण्याच्या तोंडावर, बरोब्बर वर, बैलगाडीएवढा सुटलेला धोंडा. डोंगरात भोकं पाडायची, त्यात लोखंडी सळया घालून सिमेंटच्या पातळ घोळानं पक्क्या करायच्या, आणि त्या सळयांना पोलादी जाळी ताणून बांधायची. सगळं पावसाच्या आत. पाऊस आधी आला तर धोंडा थेट लेण्यात! माझी ही पहिलीच स्वतंत्र साइट. त्यात दुष्काळाचं दुसरं वर्ष. अख्खा जिल्हा आभाळाकडे डोळे लावून बसलेला, आणि मी एकटा मनात म्हणतोय, "देवा, जरा थांब." हे तेव्हा कुणाला बोललो नाही. लोकांनी धुतला असता.

*

मजूर तिथल्याच मजूर सहकारी संस्थेचे. सगळे ऊसतोडीला जाणारे. पण त्या साली ऊसच नव्हता, म्हणून गावात. त्यांच्यात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एकटा माणूस म्हणजे अर्धा. हाच नियम त्यांनी डोंगरावर आणला! रामकिसन कंबरेला दोर बांधून कड्यावरून उतरणार, आणि दोराचं वरचं टोक त्याची बायको गयाबाई धरणार.

मी कातळात जाडजूड खुंटा ठोकून दिला. रामकिसन उतरेचना.

"अरे, दोन टन पेलतो तो!"

"पेलत आसंल साहेब. पण त्याला माझी काळजी हाय का?"

शेवटी दोर खुंट्यालाही आणि गयाबाईच्या हातातही, अशी तडजोड झाली. काम छान चाललं. मग एक दिवस सकाळी रामकिसन माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, आज तेवढं नुसतं खुंट्यालाच बांधा."

"का रे?"

"रात्री लई भांडण झालंय."

*

संस्थेत दोन गट. चेअरमनचा आणि विरोधकांचा. पहिल्या भोकाचा नारळ चेअरमननी फोडला, तर दुसऱ्या भोकाला विरोधी गटाचे पुढारी नारळ घेऊन हजर! पुढं पुढं ड्रिलचा आवाज आला की आधी नारळ शोधावा लागायचा. बोलता बोलता वाटणी होऊन गेली. धोंड्याच्या डावीकडची भोकं चेअरमनची, उजवीकडची विरोधकांची.

एक दिवस विरोधी पुढारी नकाशा हातात घेऊन आले. "आमच्या बाजूला दोन भोकं कमी कावून?"

मी समजावलं, "अहो, धोंडा डावीकडे झुकलाय. सगळा भार तिकडे आहे."

त्यांनी मान वर करून धोंड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बरोबरच्या माणसाला म्हणाले, "बघ. ह्योबी त्येंच्याच गटात!"

*

जाळीमागच्या एका कपारीत थोडी ओल होती. दहा मैलांत हिरवं म्हणाल तर तेवढंच गवत. चेअरमनची शेळी खालच्या कडेनं आत शिरली. पाच-सहा दिवस पोटभर चरली, आणि एवढी फुगली की बाहेर पडता येईना! जाळीआडून नुसती बें बें करायची.

चेअरमन तावातावानं आले. "जाळी कापा!" जाळी कापायला पुरातत्त्ववाल्यांची परवानगी लागते. पत्र गेलं, उत्तर आलं. 'जाळीस व स्मारकास बाधा न आणता शेळी बाहेर काढावी. तोपर्यंत सदर शेळीने स्मारकास हानी पोहोचवू नये, याची संबंधितांनी दक्षता घ्यावी.'

मी ते पत्र चेअरमनना वाचून दाखवलं. एव्हाना त्यांनी शेळी नीट निरखून पाहिली होती. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आतच. चारा छावणीत एवढी सुधारली नसती."

दुसऱ्या दिवशी चौघं जण आपापल्या शेळ्या घेऊन साइटवर आले. गवत संपल्यावर चेअरमनची शेळी बारीक झाली आणि आपली आपण बाहेर आली.

*

आता शेवटचं.

डावीकडची दोनच भोकं भरायची राहिली होती. घोळाला लागणारं पाणी लांबून टँकरनं यायचं. त्या दिवशी टँकर आला आणि त्याच्यामागोमाग अख्खा गाव आला. पुढं लेण्यातल्या महादेवाची पूजा करणारे गुरव, दगडूमामा. पाऊस लांबला की गाभाऱ्यात पाणी भरून पिंड बुडवायची, ही तिकडची रीत. देव गुदमरला की पाऊस पाडतो! गावात थेंब नव्हता. पाणी फक्त आमच्याकडे.

"मामा, या पाण्यानं सळया पक्क्या करायच्यात. त्याआधी पाऊस आला तर धोंडा तुमच्याच देवावर पडेल!"

"मग तुमी देवाचं बघा," मामा म्हणाले, "आमी पावसाचं बघतो."

चेअरमननी तिथल्या तिथं संस्थेची तातडीची सभा घेतली. दोन्ही गटांचं पहिल्यांदाच एकमत झालं. टँकर गाभाऱ्यात रिकामा झाला. मी लिंबाखाली जाऊन बसलो. खरं सांगतो, रडू येत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला! वीसच मिनिटं, पण धो धो. गाव नाचत होता आणि मी धोंड्याकडे बघत होतो. तो हातभर सरकला, जाळीवर रेलला आणि कसाबसा थांबला. अगदी त्या दोन रिकाम्या भोकांच्या बाजूला. आभाळ पुन्हा भरून येत होतं. पडलेलं पाणी तापलेल्या जमिनीनं पिऊन टाकलेलं. नवा टँकर वाटेतल्या चिखलात रुतलेला.

तेवढ्यात दगडूमामा घागर घेऊन धोंड्याखालून सरळ लेण्यात शिरले. मी ओरडलो, "मामा, बाहेर या! हलतोय तो!"

मामा भरली घागर घेऊन शांतपणे बाहेर आले. "पाऊस आला की देवाला मोकळं करावंच लागतं. ह्ये पाणी सांडू, का तुमच्या शिमिटात घालू?"

मग कुणी कुणाला विचारलं नाही. धोंड्याखाली माणसांची रांग लागली, घागरी हातोहात बाहेर आल्या. दोन्ही भोकं भरली. पुढचे आठ दिवस पाऊस आला नाही.

काम संपल्यावर तपासणीला पुण्याहून साहेब आले. यंत्र लावून एकेक सळई ओढून बघायची, ती किती सरकते ते काटा दाखवतो. बाकीच्या सगळ्या केसभर, नियमात बसेल एवढ्याच सरकल्या. त्या शेवटच्या दोन सळयांना मात्र काटा हललाच नाही! साहेबांनी यंत्र उघडून पाहिलं, परत लावलं, परत ओढलं. काटा ढिम्म.

साहेब माझ्याकडे वळले. "या दोन सळयांत वेगळं काय घातलंत?"

मी तोंड उघडायच्या आत दगडूमामाच पुढं झाले.

"ह्यात काय घातलं ते इचारू नका साहेब. बाकीच्यांत साधं पाणी कावून घातलं, ते इचारा ह्यांना!"