पाचवा आला रोशन

बर्नडेट बोर्जिस भाईंदरच्या एका शाळेत एकतीस वर्षं पीटीच्या टीचर होत्या. गळ्यात स्टॉपवॉच नसलेली बर्नडेट टीचर कुणी पाहिली नव्हती. एका स्पोर्ट्स डेला प्रमुख पाहुण्यांचं भाषण इतकं लांबलं, की उन्हात उभी पोरं एकेक करून खाली बसायला लागली. टीचरचं घड्याळ चालूच होतं. भाषण संपल्यावर टीचरनी माइक घेतला आणि शर्यतींचे निकाल सांगतात त्याच सुरात जाहीर केलं, "भाषण. बावीस मिनिटं, चौदा सेकंद. शाळेचा नवा विक्रम." पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं. पाहुण्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. प्रिन्सिपलनी मात्र मेमो दिला. टीचरनी तो घेतला आणि 'मिळाला' म्हणून सही करताना खाली वेळही टाकली, सेकंदांसकट.

रिटायर झाल्यावर त्या उत्तनला भावाकडे राहायला आल्या. भाऊ नेल्सन, त्याची बोट, आणि ओट्यावर लोळणारा एक बदामी कुत्रा, रोशन. ओट्यावरून समोर समुद्र दिसायचा. पण वेळ मोजावी असं तिथे काही घडतच नव्हतं. नेल्सनची बोट यायची तेव्हा यायची. टीचर भाताचा कुकर लावून शिट्ट्यांमधलं अंतर मोजत बसायच्या.

मग मार्चमध्ये एरिक आला. एरिक त्यांचाच जुना विद्यार्थी, गावातलाच. त्याला काईटबोर्डिंगचं वेड लागलं होतं. पायाखाली बोर्ड, कमरेला जाड पट्टा, पट्ट्याला लांब दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा पतंग. वारा पतंग ओढतो आणि माणूस पाण्यावरून सुसाट निघतो. एरिकच्या मागोमाग मीरा रोडचे, भाईंदरचे, दोन घोडबंदरचे असे नऊजण जमले. दुपारी वारा सुटला की पाण्यात, वारा पडला की टीचरच्या ओट्यावर कोकम सरबताला.

नेल्सनला यातलं काही पटत नव्हतं. "इंजिन न्हाय, जालं न्हाय, मासली न्हाय. मंग जातान कशाला?"

"वेगासाठी," एरिक म्हणाला.

तो शब्द टीचरच्या कानात शिरला आणि तिथेच बसला.

ओट्यावर रोज वेगाच्याच गप्पा चालायच्या. त्यात सगळ्यात वरचा आवाज परागचा. पराग मीरा रोडला राहायचा, सॉफ्टवेअरमध्ये होता, आणि त्याचा पतंग सगळ्यांत नवा होता. "काल अठ्ठावन्न गेलो मी. अठ्ठावन्न! ॲपमध्ये आलंय, बघा ना."

"किती मीटरवर?" टीचरनी विचारलं.

"म्हणजे?"

"अठ्ठावन्न किती अंतरावर गेलास? शंभर मीटर? दोनशे?"

"टीचर, ते टॉप स्पीड असतं. एका क्षणाचं."

"एका क्षणात मीसुद्धा ओट्यावरून खाली पडते," टीचर म्हणाल्या. "रविवारी शर्यत. अडीचशे मीटर. मोबाइल घरी ठेवायचे."

कोपऱ्यात बसलेली स्वप्नाली पहिल्यांदा हसली. ती भाईंदरच्या एका बँकेत होती, आणि आपला वेग तिने कधी कुणाला सांगितला नव्हता.

शनिवारी टीचरनी शाळेतून पन्नास मीटरची टेप मागून आणली. ओल्या वाळूवरून पाचदा टेप लावून अंतर आखलं, मग उलट दिशेने पुन्हा मोजलं. दोन्ही टोकांना एकामागे एक असे दोन-दोन बांबू रोवले. बांबू बोंबील वाळवायचे होते, त्यांचा वास जात नव्हता. शेवटच्या दोन बांबूंच्या मागे टीचर उभ्या राहणार. बोर्ड बांबूंच्या ओळीत आला की घड्याळ बंद. सुरुवातीच्या ओळीवर नेल्सन लाल झेंडा घेऊन. बोर्ड ओळीत आला की झेंडा खाली, आणि झेंडा खाली आला की इकडे घड्याळ सुरू.

"पतंगाकडं बगायचं न्हाय, बोर्डाकडं बगायचं," टीचरनी त्याला बजावलं.

"बाय, मी चालीस वर्सं समुद्राकडं बगतंय."

"म्हणूनच सांगतंय. समुद्राकडं न्हाय. बोर्डाकडं."

रविवारी वाऱ्याने अडीच वाजेपर्यंत ताटकळत ठेवलं. मग एकदम सुटला. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. टीचरच्या गळ्यात एक घड्याळ होतं, आणि पहिलं दगा देईल म्हणून दुसरं हातात.

त्या दुसऱ्या घड्याळामुळेच पुढचं सगळं झालं.

रोशनचं आणि पतंगांचं जमत नव्हतं. पतंगाची सावली वाळूवर पडली की तो तिच्यामागे लागायचा. परागची पहिली फेरी आली तेव्हा रोशन नेल्सनच्या पायाशी बसला होता. झेंडा खाली आला, पराग सुटला, आणि सावलीमागे रोशनही सुटला. टीचरनी क्षणभर विचार केला. खरं तर तेवढाही केला नाही. दोन्ही अंगठे एकदम दाबले गेले.

पाण्यावर पराग, वाळूवर रोशन. बांबूंच्या ओळीत आधी रोशन आला. सव्वीस पॉइंट एक. मग पराग, सत्तावीस पॉइंट आठ. दुसऱ्या फेरीत परागचा पतंग धप्पकन पाण्यात आपटला आणि ती फेरी बुडाली. टीचरनी वहीत दोन्ही आकडे लिहिले, स्वच्छ अक्षरात, आणि चेहरा प्रिन्सिपलसमोर असायचा तसा ठेवला.

पाच वाजता सगळे ओट्यासमोर जमले. टीचर वही उघडून उभ्या राहिल्या.

"पहिली, स्वप्नाली. एकोणीस पॉइंट सहा सेकंद. म्हणजे तासाला जवळजवळ सेहेचाळीस किलोमीटर."

सगळे ओरडले. स्वप्नालीने हेल्मेटमध्ये तोंड लपवलं.

"दुसरा, एरिक. वीस पॉइंट तीन." मग तिसरा, चौथा. "पाचवा, रोशन. सव्वीस पॉइंट एक. सहावा, पराग. सत्तावीस पॉइंट आठ."

"एक मिनिट," पराग म्हणाला. ओट्यावरच्या कुत्र्याचं नाव त्याने कधी विचारलंच नव्हतं. "हा रोशन कोण?"

"इथलाच आहे. नेल्सनकडे असतो."

एरिकने खोकला आल्यासारखं तोंड फिरवलं.

"मी तर पाण्यात कुणी नवीन पाहिला नाही. काईट कितीचा होता त्याचा?"

"काईट नाही वापरत तो."

"मग हातात धरायचं विंग? की बोर्डाखालचं फॉइल? टीचर, तसं असेल तर कॅटेगरी वेगळी लागते. वजन किती त्याचं?"

"अठरा किलो असेल," टीचर म्हणाल्या. "जेवल्यावर एकोणीस."

परागचा चेहरा हळूहळू बदलत गेला. टीचरनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. रोशन पाण्यातून धावत आला, नेमका परागसमोर थांबला आणि अंगावरचं सगळं खारं पाणी त्याने झटकून दिलं. बाकी सगळ्यांना हसून बोलता येईना. नेल्सन तर खालीच बसला.

पराग भिजलेला उभा. "माझी लेखी तक्रार घ्या," तो म्हणाला. "तो वाळूवरून धावलाय!"

टीचरनी खरंच वहीचं नवं पान काढलं, तक्रार उतरवली, वेळ टाकली. मग एरिकने छापून आणलेले नियम वर-खाली वाचले. "वाळूबद्दल काही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तक्रार मान्य. रोशन बाद. हेल्मेट घातलं नव्हतं."

अशा रीतीने पराग पाचवा आला. पण ते पाचवेपण त्याला गिळवेना. सगळे पतंग गुंडाळायला लागले तरी तो पाण्याकडे बघत होता. वारा अजून होता.

"टीचर, अजून एकदा घ्याल? ऑफिशियल नको. फक्त मी आणि तो."

नेल्सन झेंडा घेऊन निघाला. रोशनला वेगळं सांगावं लागलं नाही.

या खेपेला पराग वेगळाच होता. ॲप नाही, आरडाओरडा नाही. गुडघे वाकवून, बोर्डाची कड पाण्यात दाबून तो असा आला, की मागे पाण्याची भिंत उठली. चोवीस पॉइंट सात. बांबू ओलांडल्यावर त्याने अशी आरोळी ठोकली की किनाऱ्यावरचे बगळे उडाले.

रोशन अर्ध्या वाटेवर एका खेकड्याशी भांडत होता.

टीचरनी ते पाहिलं. एरिकनेही पाहिलं आणि तोंड उघडलं. टीचरनी त्याच्याकडे, वर्गात कॉपी करणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. त्याने तोंड मिटलं.

पराग धापा टाकत वाळूवर आला. "किती? त्याचं किती?"

टीचर घड्याळाच्या बाबतीत एकतीस वर्षांत एकदाही खोटं बोलल्या नव्हत्या. "तुझं चोवीस सात," त्या म्हणाल्या. "आणि तू त्याच्या पुढे होतास. चांगलाच पुढे."

परागने वही मागून घेतली, तो आकडा दोनदा वाचला आणि आईला फोन करायला म्हणून मोबाइल शोधू लागला. तो नियमाप्रमाणे घरी ठेवलेला होता. टीचरनी आपला दिला.