लिंबाजी मिस्त्रीची दारूवरची गाडी

"तुमी येडाईपुढं काय म्हणला होताव ते आठवा," अयोध्या म्हणत होती. "दारू पिणार न्हाय, असं न्हाय म्हणलाव. दारूला हात लावणार न्हाय, असं म्हणलाव. म्या शेजारीच हुबी होते, नारळ धरून."

"अगं, ही प्यायची दारू न्हाय. गाडीत घालायची हाय."

"पिणारा बी असंच म्हणतो, माझ्यासाठी न्हाय म्हणून."

"तिला मिथेनॉल म्हणतात."

"भावजी जिनं गेले तिला तर नाव बी न्हवतं. दारू ती दारू."

आमच्या आणि त्यांच्या घराच्या मधी नुसता पत्रा. मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते, कान झाकायला हात मोकळे नव्हते. त्यामुळं सगळं ऐकलं. "दारू ती दारू" म्हणल्यावर लिंबाजी उठून बाहेर गेला. भांडण अयोध्येनं जिंकलं. तेवढं एक भांडण हरले असते तर बरं झालं असतं, असं ती आता म्हणते.

लिंबाजी म्हणजे येरमाळ्याच्या फाट्यावरचा ट्रॅक्टरचा मिस्त्री. हायवेला लागून त्याचं पत्र्याचं शेड. ट्रॅक्टरचा पंप बिघडला, ट्रॉलीचा जॅक उचलेना, की लोक त्याच्याकडं यायचे. मला काकू म्हणायचा. तरणा असताना तो आणि त्याचा थोरला भाऊ धोंडप्पा, दोघं जोडीनं प्यायचे. एकदा धोंडप्पानं कुठनं तरी आणलेली घेतली. आधी त्याचे डोळे गेले. "दिवा लावा, अंधार का केलाव," असं भर दुपारी ओरडत होता. दुसऱ्या दिवशी माणूस गेला. लिंबाजी त्या दिवशी सामान आणायला कळंबला गेला होता म्हणून वाचला. चैत्रातल्या यात्रेत तो येडाई देवीच्या पायरीवर डोकं ठेवून बोलला, आणि बोलल्यापासून कधी चुकला नाही. लग्नात कुणी गिलास पुढं केला तर हात पाठीमागं बांधून उभा राहायचा, पोलिसानं धरल्यासारखा.

मग हा योगीराज आला. सोलापूरकडचा बागाईतदार, शिकलेला, पण छंद बाकी तान्ह्या पोराचा. त्याचा ट्रॅक्टर एकदा आमच्या फाट्यावर बंद पडला, लिंबाजीनं तो चालू करून दिला, तवापासनं ओळख. एक दिवस तो ट्रकावर घालून एक मोटार घेऊन आला. नाक लांब, बसायला एकच जागा, मागची चाकं ट्रॅक्टरासारखी. म्हणला, ही शर्यतीची. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि सरळ रस्त्यानं सोडायच्या. आपण पदर सावरेपर्यंत शर्यत संपती.

मी विचारलं, "मग जायचं कुठं?"

"कुठंच नाही आजी. पुढं गेलं की वळून परत यायचं."

"एवढंच करायचं असतं तर आमचा रेडा काय वाईट होता," मी म्हणलं. पोरगं चांगलं होतं, हसलं.

त्या गाडीच्या इंजिनाच्या डोक्यावर एक ब्लोअर बसवला होता. तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त जोर. पण पेट्रोलवर ते इंजिन लई तापायचं, आत टकटक वाजायचं, आणि एकदा तर पिस्टनच वितळला. मिथेनॉल घातलं तर इंजिन गार राहतं आणि जोर आणखी वाढतो, असं योगीराजनं सांगितलं. लिंबाजीनं मला बायकांच्या भाषेत समजावलं. "काकू, जेवढ्या हवेला पेट्रोल एक वाटी लागतं, तेवढ्याच हवेला हे दोन वाट्या लागतं. म्हणून पंप मोठा पायजे, तोट्यांची भोकं मोठी पायजेत. आणि हे रबर खातं, म्हणून नळ्या बदलायच्या."

मग म्हणला, "धोंडुदादा गेला ती बी हीच असणार. गाडीला गार करती आणि माणसाला बी."

हे तो अयोध्येला बोलला नव्हता.

तरी त्याला ते काम पायजे होतं. मला म्हणला, "जन्मभर नांगराच्या चालीची इंजिनं केली. एक पळणारं करतो. ते पळताना एकदा डोळ्यानं बघायचं. बाकी काय नको." एवढं बोलणारा माणूस नव्हता तो. मीठ कमी पडलं तरी न बोलता जेवायचा.

भांडणानंतर त्यानं काही दिवस गाडीवर ताडपत्री टाकून ठेवली. मग त्यालाच तोड सुचली. म्हशीचा गाभ तपासताना ढोराचे डॉक्टर खांद्यापर्यंत प्लास्टिकचे मोजे घालतात, ते मागून आणले. दोन्ही हातांत चढवून अयोध्येपुढं उभा राहिला.

"बघ. लागतो का हात?"

"येडाईला फसवलालाव व्हय?"

"तिला कळतंय. तुला समजावलालोय."

अयोध्येला हसू आलं. हसल्यावर बाईला परत भांडता येत नाही.

मग काय, ते मोजे घालून लिंबाजी दिवसभर गाडीच्या पोटात हात घालून बसायचा, आणि फाट्यावरची माणसं विचारायची, "मिस्त्री, कितवा महिना?" हा म्हणायचा, "अडलीय. कळा कमी पडल्यात."

पंप बदलला, तोट्या बदलल्या, नळ्या बदलल्या. भर वैशाखात एका सकाळी इंजिन चालू केलं. मिथेनॉल उडताना गारवा धरतं, लवकर पेट घेत नाही म्हणून आधी घोटभर पेट्रोल दाखवलं, मग हे सोडलं. आवाज असा, की आमच्या कोंबड्या दोन दिवस अंड्यावर बसल्या नाहीत. पण खरी मजा पुढंच. पत्रा तापून अंग भाजायलंय, आणि त्या इंजिनाच्या वरच्या नळ्यांवर दव धरलेलं. अयोध्येनं बोट लावून बघितलं.

"अगं बया, माठ हाय का काय."

त्या दिवसापासून तिचा राग गेला. गाडीला तिनं हळदीकुंकू लावलं. शर्यत लांबच्या एका धावपट्टीवर होती; तिथं आपण पण जायचं, असं तिनंच ठरवलं. शेंगदाण्याची चटणी कुटली, दशम्यांचं पीठ दळून आणलं, मलाही चला म्हणली. मी म्हणलं, पदर सावरायला एवढ्या लांब कोण जाणार.

शर्यतीच्या आदल्या दिवशी शेवटचं चालवून बघत होते. योगीराज आत बसला होता, इंजिन चालू होतं. एक नळी सांध्यातनं ढिली झाली आणि मिथेनॉल तापलेल्या भागावर गळायला लागलं. उन्हात त्याचा जाळ दिसत नाही. ना लाल, ना पिवळा, ना धूर. योगीराज म्हणला, "मिस्त्री, पायाला चटका बसायलाय." लिंबाजीनं खाली बघितलं तर जमिनीवरचा पाचोळा आपोआप काळा पडत चाललेला, आणि वरची हवा थरथरत होती.

अंगावरचं प्लास्टिक पेटलं तर कातडीला चिकटणार, हे त्याला माहीत होतं. त्यानं दोन्ही मोजे ओरबाडून फेकले. उघड्या हातानं टाकीची तोटी बंद केली, योगीराजला दंडाला धरून बाहेर ओढला आणि अयोध्येला "पाणी आण" म्हणला. आम्ही दोघींनी हौदातलं पाणी मारलं. पाण्यानं ही आग विझती, तेवढं बरं. पोराच्या घोट्याला फोड आला, लिंबाजीचा तळहात भाजला, गाडी होती तशी राहिली. योगीराज त्याच्या पाया पडायला वाकला.

लिंबाजीचं तिकडं लक्ष नव्हतं. हात पाण्यात बुडवून तो हौदाशी बसला होता.

"हात लागला," म्हणला.

अयोध्या म्हणली, "लागू द्या की. माणूस वाचलाय."

"मनगटापर्यंत भिजला."

"अहो, ती काय प्यायची दारू हाय का?"

"दारू ती दारू. तूच म्हणलीस."

"ते भांडणात म्हणले!"

लिंबाजी उठला, हात फडक्यात गुंडाळला. "सांधा आवळून देतो, गाडी घेऊन जावा," असं योगीराजला सांगितलं. "मी येणार न्हाय. शब्द मोडला, त्याची भरपाई पायजे. माझ्याकडं द्यायला दुसरं काय न्हाय. बघायचं होतं, ते बघणार न्हाय."

अयोध्या रडली, चिडली, आणि शेवटी मला पुढं केलं. मी गेले. म्हणलं, "आरं, येडाई काय तहसीलदार हाय व्हय, शब्दावर बोट ठिवून बसायला? तिला दिसलं न्हाय का, पोराला वाचवलंस ते?"

"देवीचं न्हाय काकू," तो म्हणला. "माझं हाय. मी एकदा सूट घेतली की मला थांबता येत न्हाय. दादाला बी येत न्हवतं."

मी माघारी आले. अजूनही कुणाच्याही बाजूनं विचार केला तरी दुसऱ्या बाजूचं माणूस खरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी दशम्या आम्ही घरातच खाल्ल्या. गाडी बाकी पळाली. अशी पळाली, की योगीराज परत येताना मुद्दाम फाट्यावर थांबला आणि फोन काढून दाखवायला लागला. लिंबाजी ट्रॉलीला ग्रीस भरत होता. तो वळलाच नाही. "फोनात बघितलं तरी बघितलंच की," म्हणला. अयोध्येनं बघितलं. बघून झाल्यावर पदरानं फोनची काच पुसली, परत दिला आणि आत गेली. चुलीपुढं बसून म्हणली, "काकू, लिंबाजी मिस्त्रीनं केलेली गाडी सगळ्या जगानं बघितली. मिस्त्रीनं न्हाय बघितली. माझ्या तोंडापायी."

मिथेनॉल धातू पण हळूहळू कुरतडतं. म्हणून शर्यत झाली की पंप खोलून धुवावा लागतो. योगीराज ते काम दुसऱ्याला देत नसे. दर खेपेला पंप येरमाळ्याला यायचा, लिंबाजी मोजे चढवून तो धुवायचा आणि माघारी पाठवायचा. दर खेपेला योगीराजचं बोलावणं असायचं आणि दर खेपेला अयोध्या म्हणायची, "औंदा जाऊ या की." तो म्हणायचा, "बघू." पुढं पुढं तिनं विचारायचं सोडलं. मला वाटतं तिथं चुकलं. एखाद्या वर्षी तो "चल" म्हणला असता. पण हे आता माझं मी म्हणायचं.

गेल्या पौषात लिंबाजी गेला. दुपारच्या जेवणाआधी छातीत कळ आली आणि गाडी बोलवायच्या आत संपलं. सकाळपासनं जरा जड वाटत होतं, पित्त असंल म्हणला होता. पण सकाळचं काम त्यानं चुकवलं नाही. पंप आदल्या दिवशी आला होता. तो खोलला, पेट्रोलनं धुतला, तेलाचा हात दिला, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पोत्यात शिवला. दुचाकीवर पुढ्यात ठेवून स्टँडवर नेला. सोलापूरच्या गाडीच्या कंडक्टरला म्हणला, "उताणा ठिवू नका, आत तेल हाय." कंडक्टर म्हणला, "मिस्त्री, दर टायमाला तेच सांगताव." गाडी सुटल्यावर त्यानं योगीराजला फोन लावला, गाडीचा नंबर सांगितला. तिकडनं तो म्हणला असणार, औंदा तरी या. कारण हा म्हणला, "बघू." मग अयोध्येनं सांगितलेली कोथिंबीर घेतली, जुडी वास घेऊन बघितली, दुसरी मागून घेतली, आणि घराकडं वळला.