लेकरू लई झोपतंय

पोटात बाळ हललं की मला भीती वाटायची, आणि नाही हललं की त्याहून जास्त. हलतंय म्हणजे नाळ गळ्याभोवती गुंडाळत असेल. नाही हलत म्हणजे... ते वाक्य मी मनातसुद्धा पुरं करायची नाही. मग डाव्या कुशीवर पडायचं, गूळ खायचा, गार पाणी प्यायचं, पोटावर टिचक्या मारायच्या. एक लाथ बसली की हुश्श. ते हुश्श चहा निवेपर्यंतसुद्धा टिकायचं नाही.

शिरूरला सासरी या सगळ्यावर एकच उत्तर होतं. "पहिलटकरीण हाय, व्हतं असं." सासूबाई म्हणायच्या, शेजारच्या काकू म्हणायच्या, एकदा तर भाजीवालीही म्हणाली. अहो, पण मी पहिलटकरीण व्हायच्या कितीतरी आधीपासून अशीच आहे, हे कुणाला सांगू? कॉलेजात परीक्षेला बसले असताना छाती धडधडायला लागली, हातापायांना मुंग्या आल्या, वाटलं आता मेलेच. तेव्हापासून ही घबराट माझ्या मागे लागली. सणसवाडीच्या कंपनीत क्वालिटीला नोकरी लागली तेव्हा मात्र तिचा उपयोग झाला. एकच पार्ट चारदा तपासणारी बाई सुपरवायझरला फार आवडते. घरी तेच केलं की ती डोक्याला ताप होते.

लग्नाच्या आधीच मी पुण्यातल्या एका मनाच्या डॉक्टरबाईंकडे जाऊन गोळी सुरू केली होती, आणि त्या गोळीने मला माणसांत आणलं होतं. नवऱ्याला बघायच्या कार्यक्रमानंतर लगेच सांगून टाकलं. तो म्हणाला, "आमच्या आत्याला शुगरची गोळी, तुला ही." विषय संपला. इतरांना सांगायची गरज आम्हाला वाटली नाही. दिवस गेल्याचं कळलं तसं मीच ते पाकीट कपाटात मागे ढकललं, कुणालाही न विचारता. औषध म्हणजे बाळाला वाईट, एवढं ज्ञान आमच्याकडे पुरेसं असतं.

सातव्यात डोहाळजेवण झालं. फुलांचे दागिने, झोपाळा, झाकलेल्या दोन वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पंधरा-वीस बायका माझ्याकडे बघत गाणी म्हणताहेत आणि मला श्वास येईना. मी म्हटलं, मला बाहेर जाऊ द्या. सगळ्या हसल्या. "लाजली गं पोरगी!" लाजली कसली डोंबलाची! फुलांची वेणी ओढून काढून मी मोरीत जाऊन बसले, ती नवऱ्याने दार वाजवेपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्याने शिफ्ट बदलून घेतली आणि मला पुण्याला नेलं.

डॉक्टरबाई चिडल्याच. "मला न विचारता बंद केलीत?" मग त्यांनी माझ्यासमोरच माझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना फोन लावला, दोघींचं बोलणं झालं आणि गोळी परत सुरू झाली. पाजतानाही चालेल म्हणाल्या, आपण बाळाचं वजन बघू, झोप बघू. त्यातलं 'चालेल' मला ऐकूच आलं नाही. 'झोप बघू' तेवढं डोक्यात जाऊन बसलं.

पहिलं बाळंतपण माहेरी. आठव्यात हलवत नाहीत, म्हणून नववा लागल्यावर न्हावरा, चौफुला, पाटस करत मी दौंडला आले. गतिरोधक आला की मी पोट धरायची आणि नवरा "सॉरी" म्हणायचा, जणू रस्ता त्यानेच बांधलाय. आमचं घर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. वडील ड्यूटीवर, घरात आई. तिने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "आता माझ्या ताब्यात आलीस. काय काळजी करू नगं."

मुलगी झाली. दोघी धडधाकट. दवाखान्यातून घरी येईपर्यंत मला वाटलं, सुटले बाई.

मग बाळंतिणीची खोली सुरू झाली. खिडकीला जाड पडदा, कानात कापूस, डोक्याला घट्ट स्कार्फ, बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशोपा. वांगं नको, लेकराला बाधतं. दही नको, बाधतं. हरभऱ्याची डाळ, केळं, गार पाणी, सगळं बाधतं. मी शिंकले तरी आई पोरीकडे बघायची. लोक म्हणतात, बाळंतिणीला आराम. कसला आराम? माझी घबराट आणि आईचं पथ्य यांची अशी गट्टी जमली की विचारू नका. मी म्हणायची, हिच्या पोटात दुखतंय का? आई म्हणायची, काल काय खाल्लंस ते आठव. दोघी मिळून आम्ही काल जेवलेला घास नि घास उकरून काढायचो.

आणि तपासायचं. पोर झोपली की नाकाखाली बोट धरायचं. ऊब लागली की मागे व्हायचं. मागे होऊन टेकले की वाटायचं, ते आत्ताचं झालं, आता काय? की परत बोट. जेवताना उठायची, मोरीतून अर्ध्यात यायची. बाजेवर पाठ टेकली की पाय आपोआप खाली यायचे. तरी गोळी होती म्हणून एवढ्यावर भागत होतं.

एकदा आईने दुपटी आवरताना उशीच्या अभ्र्यातलं पाकीट बाहेर काढलं.

"ही कसली गोळी गं?"

"धडधड होते त्याची."

"कसली धडधड? हार्टाची?"

"नाही गं. भीतीची. डॉक्टरांनी दिलीय."

"आन् अंगावर पाजतीस तू?"

"चालते म्हणाल्यात त्या."

 आईने पाकीट होतं तिथे ठेवलं, अभ्रा नीट केला आणि बाजेवर झोपलेल्या पोरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तरीच म्हणलं, लेकरू लई झोपतंय."

झालं! आजवर पोर झोपली की सगळे म्हणायचे, गुणाची गं बाई. आता झोपली की आई आणि मी एकमेकींकडे बघायला लागलो. आई तिच्या तळपायांना टिचक्या मारायची, कानाची पाळी चोळायची. मीही मारायची. पोर बिचारी कळवळून रडायची, की आमचा जीव भांड्यात. न्हाऊन-माखून, धुरी घेऊन कुठलं बाळ ढाराढूर झोपत नाही? पण हे तेव्हा सुचायला डोकं जाग्यावर हवं.

नंतर आई पोरीला माझ्याकडे कमी द्यायला लागली. "झोपलीय." "आत्ताच तर प्याली." "तू पड जरा." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी नाकाखाली बोट धरत होतं. पण छाती भरून दगड झाली, गाठी आल्या, ब्लाउज ओला आणि अंगात कणकण. म्हटलं, ही पिते तरी कधी? पडदा सारून मी बाहेर गेले. स्वयंपाकघरात आई पाटावर बसली होती, मांडीवर माझी पोर, आणि हातात बोंडलं. त्या चोचीच्या वाटीतून ती तिला पाणी घातलेलं गाईचं दूध पाजत होती.

"काय चाललंय हे?"

"भूक लागली व्हती तिला."

"मग मला का नाही दिलीस? मी काय मेलेय का आत?"

"वरडू नगं. लेकरू ठसकंल."

"आई, माझी छाती फुटायची वेळ आलीय, आणि तू तिला गाईचं पाजतेस?"

"तुझ्या दुधात गोळी हाय," आई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तू गोळी खा, तू बरी हो. लेकराला मी सांभाळते."

अंगाची लाही लाही झाली. एवढी खीर, एवढे डिंकाचे लाडू, शेपूची भाजी चारून चारून जे दूध हिनेच आणलं, त्याला आता ही विख ठरवणार? मला इतकं ओंगळ कधीच वाटलं नव्हतं, आणि इतका रागही कधी आला नव्हता. मी आत गेले, पाकीट आणलं, तिच्यासमोर केराच्या टोपलीत टाकलं. म्हटलं, "घे. टाकली गोळी. आता दे माझी पोर."

तिने दिली. मी पाजलं, गाठी शेकल्या, ताप उतरला. आई खूश, तिने त्या दिवशी खिरीत जास्तीचं तूप सोडलं. नवऱ्याचा फोन आला की मी "सगळं मस्त" म्हणायची. आणि आतून माझं पीठ व्हायला लागलं होतं. घास गिळवेना. स्टेशनात गाडीची घोषणा झाली की दचकायची. भांडं पडलं तर रडू. पोर हातात घेतली की वाटायचं, हातातून सुटेल. खाली ठेवली की वाटायचं, आता श्वास थांबेल. जमिनीवर आणि बाजेवर, दोन्हीकडे तिला धोका होता, आणि मध्ये मी होते, ती सगळ्यात मोठा धोका.

अशाच एका सकाळी आई दळण आणायला गिरणीत गेली. पोर न्हाऊन झोपली होती. मी बोट धरलं. ऊब लागेना. परत धरलं. छाती हलताना दिसेना. हाक मारली, हलवलं, तिची मान एका बाजूला गेली. मग मी काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. पोर छातीशी, पायात चप्पल नाही, स्कार्फ गळ्यात आलेला, आणि मी क्वार्टरच्या गल्लीतून दवाखान्याच्या दिशेने पळतेय. बाळंतीण बाई भर उन्हात! बायका दारात आल्या. समोरून आई, कमरेवर पिठाचा डबा. तिने डबा रस्त्यातच ठेवला.

"काय झालं?"

"ती श्वास घेत नाही. आई, ती श्वास घेत नाहीये!"

आईने पोर ओढून घेतली, तोंडाला गाल लावला. एवढ्या ओढाताणीने पोरीने डोळे उघडले आणि सगळी गल्ली गोळा होईल असं भोकाड पसरलं.

"जित्ती हाय गं! बघ. बघ की माझ्या बाय, चांगली जित्ती हाय."

मी मातीतच बसले. म्हटलं, "आई, मला लई भीती वाटतीय. रोज वाटतीय. मला गोळी पण पाहिजे आणि पोर पण पाहिजे."

तिने एका हाताने पोर धरली, दुसऱ्या हाताने मला उठवलं. बायका विचारत होत्या, ती आम्हाला घेऊन सरळ घराकडे निघाली. घरी आल्यावर म्हणाली, "आधी पाज तिला." मग तिने स्वतः माझ्या नवऱ्याला फोन लावला. "जावईबापू, उद्या गाडी घेऊन या. पुण्याला जायचंय, त्या गोळीवाल्या डॉक्टरकडं. मीबी येनार हाय. त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला." शेजारच्या मावशी म्हणाल्या, अजून सव्वा महिना झाला नाही, बाळंतिणीला गाव ओलांडायला नेतेस? आई म्हणाली, "सव्वा महिना काय पळून चाललाय का?"

तरी निघताना पोरीच्या गालावर मोठी तीट, माझ्या कानांत नवा कापूस, आणि पिशवीत दुपट्यांखाली सुरी होतीच.

दवाखान्यात आईने मला बोलूच दिलं नाही. टोपलीतल्या गोळीपासून गल्लीतल्या पळण्यापर्यंत सगळं तिनेच सांगितलं आणि म्हणाली, "मॅडम, वांगं बाधतं, दही बाधतं, आन् गोळी तेवढी बाधत न्हाई, हे कसं?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दुधात उतरते, आजी, पण अगदी थोडी. ही गोळी आम्ही पाजणाऱ्या आयांना देतो. बाळ नीट पितं का?"

"पिती की! जळूवानी चिकटती."

"वजन वाढतंय?"

"वाढतंय."

"उठवलं की उठते?"

"आम्ही दोघी झोपू देतोय का तिला?" आई म्हणाली.

"मग ती झोपते कारण ती एवढीशी आहे. पण काही वेगळं वाटलं तर मला आणि बाळाच्या डॉक्टरांना फोन करायचा, आपापसांत ठरवायचं नाही. तुमच्या मुलीची गोळी अशी एकदम बंद झाली म्हणून ती काल रस्त्यावर पळत होती. तिला बरं ठेवणं हेही बाळाचंच पथ्य आहे, असं समजा."

आईने हे दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून मान हलवली. मला रडायला आलं. पोर कुरकुरायला लागली होती, मी ओढणी घेऊन तिथेच पाजायला घेतलं, आणि आईने ओढणीचं टोक सारखं केलं. नवरा औषधांचा कागद घेऊन बाहेर गेला. आमचं काम झालं होतं, बाहेर पेशंट खोळंबले होते. आई उठेना.

"चल आई," मी म्हटलं.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "मॅडम, माझ्या वयाच्या बाईला चालती का ही गोळी?"

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे घेतली. "तुम्हाला काय होतं?"

"हिला व्हतं त्येच."

"कधीपासून?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही.

"ही झाली तवापासून."

मला तेव्हा एकतिसावं चालू होतं.