सुईसेई म्हणजे धूमकेतू, आणि बुधसुद्धा

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी देवळीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि नालवाडीहून रोज एसटीने जाणं-येणं करायची. रविवारी दुपारी वर्ध्यात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंकडे जपानी शिकायला जायची; सगळे त्यांना भन्तेजी म्हणत. कारण फार मोठं नव्हतं. एकदा शाळेतल्या मुलींना घेऊन त्यांच्याकडे गेले होते, ते हिंदीत छान बोलले, आणि आपल्यालाही त्यांची भाषा यावी असं वाटलं. काही महिन्यांत मला नमस्कार, चहा, थंडी, पाऊस एवढं बोलता यायला लागलं.

हे मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं आणि माझे हाल सुरू झाले.

"मॅडम, तुमाले जपानी येते म्हणे?"

"थोडंसं येतं, सर."

"थोडं बस हाय. त्या भन्तेजींच्या ओळखीचे एक रिटायर मास्तर जपानहून येऊन राह्यले, मोठी दुर्बीण घेऊन. आपल्या पोराईले आकाश दाखवतो म्हणते. त्याईले इंग्रजी येत नाई. भन्तेजी तर गुडघ्यापायी कुठी जात नाईत. तुमीच सांगून द्या मराठीत."

"पण सर, मला ग्रहताऱ्यांचे शब्द..."

"डिसेंबरले येते ते. लय टाइम हाय."

शब्द मिळवायचे कुठून, हाच पहिला प्रश्न. वर्ध्याच्या दुकानांत जपानी शब्दकोश कोणी पाहिलाही नव्हता. नागपूरहून एक जुना मिळाला, तो प्रवाशांसाठीचा. त्यात विमानतळ, हॉटेल, पोटदुखी असं सगळं होतं, ग्रह नव्हते. मग सायबर कॅफेत गेले. जपानी पान उघडलं तर अक्षरांच्या जागी पडद्यावर नुसते चौकोनच चौकोन. कॅफेवाला मागून वाकून बघत म्हणाला, "मॅडम, व्हायरस तं नाई नं?" मी अर्धा तास चौकोन बघून घरी आले.

शेवटी भन्तेजींनी कोणा यात्रेकरूकडून जपानी मुलांचं आकाशाचं एक चित्रांचं पुस्तक मिळवलं. ते चित्रावर बोट ठेवून शब्द सांगायचे, मी देवनागरीत लिहून घ्यायची. वाकुसेई म्हणजे ग्रह. कोसेई म्हणजे तारा. एईसेई म्हणजे उपग्रह. सगळ्यांच्या शेपटीला सेई. एसटीत खिडकीशी बसून मी पुटपुटायची, आणि देवळी येईपर्यंत सगळे सेई एकमेकांत मिसळून जायचे.

त्यात एके रविवारी त्यांनी शेपटीच्या ताऱ्यावर बोट ठेवलं. "सुईसेई."

"भन्तेजी, सुईसेई तो बुध है. पिछले हफ्ते आपने बताया."

"हाँ, वो भी सुईसेई."

"दोनों?"

"लिखने में अलग. बोलने में एक."

"लेकिन मुझे तो बोलना ही है!"

माझा आवाज चढला होता. त्यांनी शांतपणे पुढचं चित्र दाखवलं. "सेईज़ा. तारों का झुंड." मग स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "घुटना मोड़ के बैठना, वो भी सेईज़ा. अब मेरे से नहीं होता." मी पेन खाली ठेवलं.

त्यांचंही अवघड होतं, हे मला हळूहळू कळत गेलं. ग्रहाच्या कक्षेला काय म्हणतात असं विचारलं, तर त्यांनी पानं पुढेमागे उलटली. पुस्तकात तो शब्द नव्हता. "पहले आता था," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी शिकवणी तिथेच थांबवली. इतकी वर्षं इकडे राहून त्यांचे शब्द गळत चालले होते, आणि माझ्या डोक्यात ते शिरत नव्हते.

एके दिवशी मात्र जरा बरं वाटलं. वार शिकताना लक्षात आलं की त्यांचा मंगळवार कायोबी आणि मंगळ कासेई. गुरुवार मोकुयोबी, गुरू मोकुसेई. शनिवार दोयोबी, शनी दोसेई. त्यांच्या वारांतही आपलेच ग्रह. मी घरी येऊन नवऱ्याला उत्साहाने सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "बरं हाय. पण शनिवारची सुट्टी भेटते का तिकडे?"

डिसेंबरात मास्तर आले. बुटके, हसरे, कानटोपी घातलेले. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर दुर्बीण लागली, मुलं रांगेत उभी राहिली, गावातले लोकही आले. मी पाठ केलेलं सगळं ओठांवर धरून शेजारी उभी होते.

त्यांनी बोलायला सुरुवात केली. ते मुलांशी लहान मुलांच्या भाषेत बोलत होते. माझा एकही शब्द त्यात नव्हता. कृत्तिकांकडे हात करून म्हणाले, "सुबारु." हा शब्द पुस्तकात नव्हता. सेईज़ा येईल म्हणून मी वाट बघत होते, ते नुसतं होशी, होशी म्हणत होते. होशी म्हणजे साधा तारा, तेवढंच मी सांगितलं. मग ते लहानपणची काहीतरी गोष्ट सांगू लागले. "होकीबोशी," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. हाही शब्द मला नवा होता. मुलं माझ्याकडे बघताहेत, मुख्याध्यापक बघताहेत. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, भिंतीला टेकवलेला खराटा उचलला आणि आकाशात आडवा धरून हळूहळू चालू लागले.

"धूमकेतू!" मागून एक मुलगी ओरडली.

सगळे टाळ्या वाजवू लागले. पुढचा सगळा वेळ मुलं आणि मास्तर हातवाऱ्यांनीच बोलले. शनीची कडी बघून मुलं "अबबब" म्हणायची आणि मास्तरही "अबबब" म्हणायचे. मी कडेला शाल घट्ट धरून उभी. शेवटच्या भाषणात मुख्याध्यापकांनी माझ्या जपानीचं कौतुक केलं, तेव्हा तर मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पुढच्या रविवारी मी भन्तेजींना सांगायलाच गेले की आता येणार नाही. सगळं सांगितलं. मास्तरांनी खराटा धरून होकीबोशी, म्हणजे झाडूतारा, दाखवला हे ऐकताच ते मोठ्याने हसले. "हाँ, हाँ! मेरी माँ यही बोलती थी. मैं भूल गया था." मग चहा ठेवला आणि माझ्यासमोर बसून म्हणाले, "अब आप सिखाओ. आसमान को मराठी में क्या बोलते हैं?"

"आभाळ."

"आभारु."

"ळ, भन्तेजी. जीभ मागे वळवा. आभाळ."

"आभारु." त्यांनी स्वतःच्याच मांडीवर चापट मारली. "क्या मुसीबत है!"

चहा गार झाला, बाहेर ऊन उतरलं, आणखी उशीर झाला तर मला परत जायला ऑटो मिळाला नसता. तरी आम्ही त्या एका ळवरच अडलो होतो, आणि दोघेही वैतागलो होतो.