दाताला टेकवलेली गिटार

इलेक्ट्रिक गिटार दुरुस्त करायला लिंबायतला जा, असं सांगितलं तर सुरतेतलेच लोक हसतील. पण कतारगामपासून पलसाण्यापर्यंतचे ऑर्केस्ट्रावाले आपलं कुरकुरणारं वाद्य बुद्धभूषणकडेच आणतात. मूळचा तो पॉवरलूमवरचा मिस्त्री. कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा हा गडी पान्हे-पक्कड घेऊन घरी आला आणि चौदा एप्रिलच्या जयंतीच्या ऑर्केस्ट्राची बंद पडलेली गिटार उघडून बसला. मग त्याचंच दुकान झालं.

त्याची तऱ्हाच न्यारी. दांडीचा बाक काढायचा, तारांची उंची बसवायची, ट्यूनरचा दिवा बघून सूर लावायचा आणि शेवटी गिटारचा कोपरा दातांत धरून एकेक तार छेडायची. तार कुठे घासते ते लगेच पकडायचा. गिऱ्हाइकं गालातल्या गालात हसत. त्याची मुलगी चैताली मात्र लाजेनं अर्धी होई.

चैताली जयंतीच्या कार्यक्रमात गिटार घेऊन गाते. नवं गाणं आधी बापासमोर म्हणायचं, हा तिचा शिरस्ता. तो तिच्या गिटारवर तळवा ठेवून तिच्या तोंडाकडे टक लावून बघे आणि शेवटी म्हणे, "मस्त." त्या एका शब्दावर ती हजारो लोकांपुढे बिनधास्त उभी राहत आली.

यंदाचं गाणंही असंच मस्त ठरलं होतं. कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी भाईदास ऑर्केस्ट्रावाला गिटार न्यायला आला. बुद्धभूषण पाठमोरा बसून तारांची पाकिटं लावत होता. "पप्पा, लावून बघू का?" चैतालीनं विचारलं. उत्तर नाही. कामात असला की तो असाच, म्हणून तिनं स्पीकरला टेकलेल्या गिटारला वायर जोडली आणि बटण फिरवलं.

स्पीकर असा काही केकाटला की भाईदासनं दोन्ही कान दाबले. समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवलं. बुद्धभूषण हातभर अंतरावर शांतपणे पाकिटं लावत होता.

चैतालीनं झटकन बटण बंद केलं. "पप्पा," तिनं हाक मारली. मग ओरडून मारली. भाईदास एकदा तिच्याकडे, एकदा त्या पाठीकडे बघत राहिला.

लूमच्या खडखडाटात आवाज पोचत नाही, म्हणून तिथली माणसं समोर येऊन ओठांनी बोलतात. आईबाप दोघंही लूमवरचे, त्यामुळे घरातही तीच सवय. या घरात पाठीमागून कुणी कुणाला सहसा हाक मारत नसे. ती सवय इतकी वर्षं काय झाकून बसली होती, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं आणि ती हादरून गेली.

ती समोर जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघताच बुद्धभूषणच्या हातातलं पाकीट गळालं. "काय व्हयनं?" त्यानं गावाकडच्या बोलीत विचारलं.

"ऐकू येत नाही तुम्हाला?"

तो वाकून पडलेलं पाकीट उचलू लागला. मग म्हणाला, "कोनले सांगू नको."

"आणि माझी गाणी? मस्त म्हणायचात ती?"

"तू धाकली व्हती, तव्हाना तुना आवाज याद शे माले," तो म्हणाला. "तोच लावस मी तुना गानाले."